'भिन्न संस्कृतींतील कविता' : इंग्लंडमधील शालेय काव्याध्यापन आणि अनेकपदरी स्वत्वाचा प्रश्न

क्रमिक पुस्तकांचा इतिहास हा वाङ्मयाच्या अभ्यासकांनी बहुधा शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी सोडून दिलेला प्रांत आहे. कवी कोण, कविता कोणत्या संग्रहातील, तिचे छंद व प्रतिमासृष्टी कशी, येवढे पाहून झाले म्हणजे ती कविता चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती कोणत्या मथळ्याखाली पडली, हा प्रश्न गौण मानण्याची रीत आहे. वस्तुतः लाखो वाचकांना कवितेची पहिली, आणि पुष्कळांना शेवटची, भेट शाळेतच होते. आणि त्या भेटीत कवितेच्या अगोदर मथळा वाचला जातो. एखादी कविता 'प्रेम' या विभागात आली तर तिचा निवेदक प्रथम प्रेमिक ठरतो. तीच कविता 'परकीय चालीरीती' या विभागात आली तर तो प्रथम परका ठरतो. ज्या कवितांचा विषयच मुळी 'मी कोण' हा आहे, त्यांच्या बाबतीत तर मथळा अर्धे उत्तर आधीच देऊन टाकतो.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून २०१० नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांपर्यंत इंग्लंडमधील माध्यमिक शाळांत शिकविल्या गेलेल्या एका काव्यविभागाची कथा या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. या विभागाला प्रारंभी 'अन्य संस्कृती व परंपरा यांतील कविता' आणि पुढे 'भिन्न संस्कृतींतील कविता' असे नाव होते. एकाच माणसात वंश, भाषा, धर्म, वर्ग, जन्मस्थान आणि लिंग यांवर आधारलेली अनेक स्वत्वे एकमेकांत गुंतून नांदतात, हे तत्त्व किशोरवयीन मुलांपर्यंत पोहोचविण्याचा तेथील शिक्षणसंस्थेने केलेला हा सर्वांत व्यापक प्रयत्न होता असे म्हणावयास हरकत नाही. परंतु विभागाचे नाव एक सांगत होते आणि त्यातील कविता दुसरेच सांगत होत्या, असा विरोध त्यात प्रथमपासून होता. मराठी वाचकाला या कथेत आणखी एका कारणाने रस वाटावा : त्या सोळा कवितांपैकी चार मुंबई-पुण्याशी निकट संबंध असलेल्या कवींच्या आहेत.

या प्रयत्नाची पार्श्वभूमी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या स्थलांतराची आहे. १९४८ च्या राष्ट्रीयत्व कायद्यानंतर कॅरिबियन बेटे, पंजाब, सिल्हेट, गुजरात व पूर्व आफ्रिका येथून मोठ्या संख्येने कुटुंबे ब्रिटनमध्ये आली. त्यांच्या मुलांसंबंधी शिक्षणखात्याची पहिली प्रतिक्रिया संख्येची चिंता करण्याची होती. १९६५ च्या एका सरकारी परिपत्रकाने कोणत्याही एका शाळेत स्थलांतरितांच्या मुलांचे प्रमाण सुमारे एकतृतीयांशाहून अधिक होऊ नये, तसे होत असल्यास मुलांना अन्य शाळांत विखरावे, असे सुचविले. लंडनच्या साउथॉल भागात त्याप्रमाणे मुलांना बसगाड्यांतून दूरच्या शाळांत पाठविण्यात आले. मुलाने घरची भाषा व घरचे संस्कार जितक्या लौकर टाकावेत तितके त्याचे कल्याण, अशी त्या वेळची समजूत होती. तिला अधिकृत छेद दिला तो १९७५ च्या बुलक समितीच्या अहवालाने. शाळेचा उंबरठा ओलांडताना घरची भाषा व संस्कृती मागे टाकावयास मुलाला लावू नये, ही भूमिका या अहवालात स्पष्टपणे मांडली गेली.

सरकारी अहवालापेक्षा चार वर्षे आधी पूर्व लंडनमध्ये एक प्रकार घडला होता, आणि कविता व किशोरांचे स्वत्व यांच्या संबंधाचा इतिहास लिहिताना तो वगळता येणार नाही. स्टेपनी ही गोदीकामगारांची व स्थलांतरितांची दाट वस्ती. तेथील एका चर्चसंलग्न शाळेत क्रिस सर्ल हे तरुण शिक्षक इंग्रजी शिकवीत. त्यांनी मुलांना आपल्या वस्तीविषयी कविता लिहावयास लावल्या आणि १९७१ मध्ये 'स्टेपनी वर्ड्स' या नावाने त्यांचे पुस्तक काढले. कवितांचा सूर उदास आहे, वस्तीचे चित्र काळे रंगविले आहे, असे शाळेच्या नियामक मंडळाला वाटले. मंडळाचा विरोध असताही पुस्तक निघाल्याने सर्ल यांना कामावरून दूर करण्यात आले. त्यावर सुमारे आठशे विद्यार्थी वर्गाबाहेर पडले. कवितांच्या पुस्तकापायी मुलांनी संप केल्याची उदाहरणे जगाच्या इतिहासात फार नसावीत. सर्ल यांची १९७३ मध्ये पुनर्नियुक्ती झाली, आणि तेव्हा शिक्षणमंत्री मार्गारेट थॅचर होत्या, हा या प्रकरणातील विनोद इतिहासाने स्वतःच केला आहे.

'स्टेपनी वर्ड्स'चे महत्त्व त्यातील कवितांच्या गुणावर अवलंबून नाही. तेथे मुलगा एकाच वेळी कामगाराचा मुलगा, अमुक गल्लीतला रहिवासी, गोरा अथवा सावळा, आणि कविता लिहिणारा होता. यांपैकी कोणत्या एका नात्याने त्याने बोलावे हे त्याला कोणी सांगितले नव्हते. शाळेने नेमलेल्या कवितासंग्रहात पुढे हेच स्वातंत्र्य संकोचले.

१९८५ मध्ये स्वान समितीचा 'एज्युकेशन फॉर ऑल' हा अहवाल आला. बहुसांस्कृतिक शिक्षण हे केवळ स्थलांतरितांच्या मुलांसाठी असून भागणार नाही, ज्या शाळांत एकही सावळे मूल नाही तेथेही ते हवे, हा त्याचा मुख्य आग्रह. १९८८ मध्ये जुन्या दोन परीक्षा जाऊन सर्वांसाठी जी.सी.एस.ई. ही एकच परीक्षा प्रथम घेण्यात आली, आणि त्याच वर्षीच्या शिक्षणकायद्याने राष्ट्रीय अभ्यासक्रम आणला. इंग्रजीच्या अभ्यासक्रमासंबंधीच्या १९८९ च्या कॉक्स अहवालाने निरनिराळ्या संस्कृतींतील साहित्याला स्थान दिले, आणि १९९५ व १९९९ च्या अभ्यासक्रमांत ते बंधनकारक झाले. सद्हेतूने आलेली ही अट परीक्षामंडळांपाशी पोहोचली तेव्हा तिचे रूपांतर एका विभागात, विभागाचे एका प्रश्नात, आणि प्रश्नाचे काही गुणांत झाले. उत्तर इंग्लंडच्या परीक्षामंडळाने आपल्या काव्यसंग्रहात असा विभाग घातला. २००० साली हे मंडळ दुसऱ्या एका मंडळात विलीन होऊन ए.क्यू.ए. हे इंग्लंडमधील सर्वांत मोठे परीक्षामंडळ बनले, तेव्हा विभागही त्याच्याकडे आला. नंतरच्या दशकात जी आवृत्ती वर्गावर्गांतून वापरली गेली तिच्यात आठ-आठ कवितांचे दोन गट होते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने त्यांपैकी दोहोंची तुलना पाऊण तासात लिहावयाची होती.

या सोळा कवितांची यादी मथळा बाजूस ठेवून वाचली तर ती चकित करणारी आहे. डेनिस लेव्हरटोव्ह या इंग्लंडमध्येच, एसेक्स परगण्यातील इलफर्ड येथे, १९२३ साली जन्मल्या. वडील रशियन ज्यू कुळातले आणि पुढे अँग्लिकन धर्मोपदेशक झालेले, आई वेल्श. त्या स्वतः १९४८ मध्ये अमेरिकेत गेल्या. आणि संग्रहातील त्यांची कविता व्हिएतनामच्या युद्धाविषयी आहे. यांतील कोणती संस्कृती 'भिन्न'? टॉम लेनर्ड हे ग्लासगोचे. दूरदर्शनवरच्या बातम्या स्थानिक उच्चारांत का देत नाहीत, याचे स्पष्टीकरण त्याच उच्चारांत लिहून त्यांनी प्रमाणभाषेच्या अहंतेची थट्टा केली आहे. ते येथे आले म्हणजे स्कॉटलंडही 'भिन्न' ठरले. चिनुआ अचेबे हे नायजेरियाचे. पण त्यांच्या 'व्हल्चर्स' या कवितेत बेल्सन येथील जर्मन छळछावणीचा अधिकारी घरी जाताना आपल्या मुलासाठी खाऊ घेतो. डेरेक वॉलकॉट यांच्या 'लव्ह आफ्टर लव्ह'मध्ये तर देश, वंश, भाषा यांचा पुसटसा उल्लेखही नाही. माणूस आरशात स्वतःला पुन्हा भेटतो, येवढेच. कवी सेंट लुशिया बेटातील आहेत, या एका आधारावर ती कविता या विभागात आली. थोडक्यात, मथळ्याचा निकष कधी कवीचा जन्म, कधी कवितेचे स्थळ, कधी तिची बोली, असा फिरता राहिला. निकष फिरता असूनही त्याच्या मागे एक गोष्ट मात्र स्थिर राहिली : कोठेतरी एक 'अभिन्न' संस्कृती आहे आणि वाचणारा विद्यार्थी तिच्यात उभा आहे, हे गृहीत.

हे गृहीत सर्वाधिक अवघड ठरते ते टाटामखुलु आफ्रिका यांच्या 'नथिंग्ज चेंज्ड' या कवितेच्या बाबतीत. केपटाउनमधील डिस्ट्रिक्ट सिक्स ही मिश्र वस्ती १९६६ मध्ये गोऱ्यांसाठी राखीव जाहीर झाली आणि पुढील वर्षांत तेथून साठ हजारांवर लोकांना हुसकावण्यात आले. वर्णद्वेषी राजवट संपल्यानंतर निवेदक त्या उजाड जागेवर परततो. समोर काचेच्या भिंतींचे उंची उपाहारगृह आहे आणि अलीकडे कामकऱ्यांची खानावळ. आपली जागा यांतील कोठे, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. निवेदक काळा आहे असे धरून कविता वाचण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. पण कवीचे चरित्र या सरळ वाचनाला वाव ठेवत नाही. १९२० मध्ये इजिप्तमध्ये जन्म, वडील इजिप्शियन, आई तुर्की. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्या ख्रिस्ती घरात, गोरा म्हणून संगोपन. १९६४ मध्ये इस्लामचा स्वीकार. आणि गोरेपणाचा कायदेशीर दर्जा नाकारून वर्णद्वेषाने खाली लोटलेल्यांत स्वतःची गणना. या माणसाने आपला वर्ण जन्माने मिळवलेला नाही, निर्णयाने घेतला आहे. आशा रॉजर्स या अभ्यासिकेने २०१५ मध्ये शालेय संग्रहातील या कवितेच्या वाचनावर स्वतंत्र निबंध लिहिला, हे या दृष्टीने सार्थच होते. एकाच कवितेत राज्याने लादलेली ओळख, शरीरावर दिसणारी ओळख आणि स्वतः पत्करलेली ओळख या तिन्ही भिन्न असू शकतात, हे किशोरांना शिकविण्यासाठी याहून समर्पक पाठ मिळणे कठीण. मात्र 'दक्षिण आफ्रिकेची संस्कृती' या शीर्षकाखाली टिपणे काढणाऱ्या विद्यार्थ्याला तो पाठ मिळण्याची शक्यता कमीच.

निसीम इझिकेल यांच्या 'नाइट ऑफ द स्कॉर्पियन'ची गोष्ट मराठी अभ्यासकाला अधिक जवळची आहे. इझिकेल (१९२४–२००४) हे मुंबईचे, बेने इस्रायल समाजातले. कोकणकिनाऱ्यावर शतकानुशतके राहून मराठी हीच मातृभाषा झालेला, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून 'शनिवार तेली' या नावाने ओळखला गेलेला हा ज्यू समाज. कवी स्वतः इंग्रजीत लिहिणारे, विल्सन महाविद्यालयात शिकलेले, पुढे मिठीबाई महाविद्यालयात इंग्रजीचे प्राध्यापक; आणि वृंदा नाबर यांच्या सहकार्याने इंदिरा संत यांच्या कवितांचे इंग्रजी भाषांतर (१९७४) करणारे. ज्यू, मराठीभाषक समाजातले, मुंबईकर, भारतीय, इंग्रजी कवी, ही पाच नाती एका माणसात आहेत आणि त्यांपैकी एकही दुसऱ्याला पुसून टाकीत नाही. त्यांच्या 'बॅकग्राउंड, कॅज्युअली' या कवितेत हे सर्व स्पष्टपणे येते : अन्यधर्मीय मुलांमध्ये एकटा पडलेला ज्यू मुलगा, परदेशवारी, परत येणे, आणि आहे ती जागाच आपली म्हणून पत्करणे. 'हिम्ज इन डार्कनेस' (१९७६) या त्यांच्या संग्रहात असलेली ही कविता भारतीय महाविद्यालयांत वर्षानुवर्षे शिकविली गेली.

इंग्लंडच्या शाळेने मात्र ती घेतली नाही. घेतली ती विंचवाची. आईला विंचू चावतो, पावसाळी रात्री शेजारी कंदील घेऊन जमतात, मंत्र पुटपुटतात, पूर्वजन्म-पुनर्जन्माचा हिशेब मांडतात, आणि सकाळी आईला पहिले समाधान वाटते ते विंचू मुलांना चावला नाही याचे. कविता उत्तम आहे यात वाद नाही. परंतु 'भिन्न संस्कृती' या मथळ्याखाली ती आली की कंदील, चिखलाच्या भिंती आणि मंत्र हेच तिचे सार होऊन बसते आणि इझिकेल हे भारतीय खेड्याच्या श्रद्धांचे चित्रकार ठरतात. कवितेतील वडील बुद्धिवादी, संशयवादी आहेत. तरी संकटाच्या वेळी ते औषध, मिश्रण, शाप, आशीर्वाद सारे करून पाहतात. एकाच खोलीत बुद्धिवादी बाप, श्रद्धाळू शेजारी आणि फक्त आई असलेली आई अशी तीन जगे आहेत. 'एक संस्कृती' म्हणून वाचावयाची ती खोली मुळातच एकजिनसी नाही, हा कवितेचा खरा धडा. ज्या शिक्षकाने तिकडे लक्ष वेधले असेल त्याने मथळ्यावर मात केली, असे समजावे.

सुजाता भट यांची कविता मथळ्याला वेगळ्या रीतीने पेचात पकडते. त्यांचा जन्म १९५६ मध्ये अहमदाबादचा, बालपण पुण्यात, १९६८ मध्ये कुटुंब अमेरिकेत, आणि पुढील वास्तव्य जर्मनीत. 'सर्च फॉर माय टंग' ही कविता त्यांच्या 'ब्रुनिझेम' (१९८८) या पहिल्या संग्रहातील. एका तोंडात दोन जिभा असल्या तर काय होते, परकी भाषा सतत बोलल्याने मातृभाषा कुजून जाईल काय, ही तिची भीती. आणि झोपेत ती मातृभाषा पुन्हा अंकुरते, हा तिचा शोध. शालेय संग्रहात या दीर्घ कवितेचा एक भागच आला. त्या भागात मधल्या ओळी गुजरातीत, गुजराती लिपीत आणि खाली रोमन उच्चारणासह छापलेल्या आहेत, व नंतर त्यांचा इंग्रजी आशय येतो.

आता या पानाचा वर्गातील परिणाम लक्षात घ्यावा. १९७२ मध्ये युगांडातून हद्दपार झालेल्या आशियाई कुटुंबांपैकी पुष्कळ जण लेस्टर शहरात आले आणि तेथे गुजराती भाषकांची मोठी वस्ती झाली. अशा शहरातील शाळेत हे पान उघडले गेले की त्या ओळी शिक्षकाला न वाचता येणाऱ्या आणि मागच्या बाकावरील मुलीला वाचता येणाऱ्या असण्याची शक्यता निर्माण होते. इंग्रजीच्या तासाला इंग्रजी शिक्षक निरक्षर आणि विद्यार्थिनी साक्षर! 'भिन्न' कोण, याचे उत्तर त्या क्षणापुरते उलटे फिरते. छापील पानावरील चार-सहा ओळींनी साधलेली ही उलथापालथ कोणत्याही अहवालातील परिच्छेदाला साधलेली नाही. तथापि याच प्रसंगाची दुसरी बाजूही आहे. त्या मुलीने या ओळी वाचून दाखविल्या की ती सर्व गुजरातची प्रतिनिधी ठरण्याचा धोका असतो. लेस्टरमध्ये जन्मलेली, आजीशीच गुजरातीत बोलणारी, घरी केनिया-युगांडाच्या आठवणी ऐकणारी ही मुलगी. तिचा अहमदाबादशी संबंध कवयित्रीच्या संबंधाहून कितीतरी विरळ असू शकतो. कवितेने तिला दिलेला मान आणि मथळ्याने तिच्यावर टाकलेला भार एकदमच येतात.

मोनिझा आल्वी यांची 'प्रेझेंट्स फ्रॉम माय आंट्स इन पाकिस्तान' ही कविता वयाच्या दृष्टीने विद्यार्थ्यांना सर्वांत जवळची. आल्वी यांचा जन्म १९५४ मध्ये लाहोरचा, वडील पाकिस्तानी, आई इंग्रज. अगदी लहानपणी त्या इंग्लंडला आल्या आणि हर्टफर्डशरमध्ये वाढल्या. लंडनच्या माध्यमिक शाळांत त्यांनी अनेक वर्षे शिकविले, म्हणजे किशोरवय त्यांना दोन्ही बाजूंनी परिचित. कवितेतील मुलीला आत्यांकडून झळझळीत सलवार-कमीज आणि बांगड्या येतात. ते कपडे अंगावर चढताच तिला आपण खोटे वाटू लागतो, पण जीन आणि कॉर्डरॉयमध्येही ती पूर्णपणे विरघळत नाही. आत्यांना मात्र इंग्लंडमधील दुकानांतले लोकरी स्वेटर हवे असतात, हा बारकावा मार्मिक आहे, कारण 'भिन्न' वस्तूचे आकर्षण दोन्ही टोकांना आहे. कविता लिहिली तेव्हा आल्वी मोठेपणी पाकिस्तानात एकदाही गेलेल्या नव्हत्या. कवितेतील लाहोर फोटो, पेट्या आणि बातम्या यांतून जुळविलेले आहे. ती 'पाकिस्तानी संस्कृती'ची कविता म्हणावी तर तिचे सारे अनुभवविश्व इंग्लंडच्या एका मध्यम गावातील कपाटापुढे उभे आहे. ब्रॅडफर्डच्या वर्गात बसलेल्या, आणि जिच्या घरी खरोखरच अशी पार्सले येतात अशा विद्यार्थिनीला आपले स्वतःचे कपाट 'भिन्न संस्कृती' या नावाखाली छापलेले आढळते तेव्हा तिला काय वाटत असेल, हा प्रश्न संपादकांनी स्वतःला विचारलेला दिसत नाही.

जॉन अगार्ड यांनी तो प्रश्न सरळ विचारला. गयानात १९४९ मध्ये जन्मलेले अगार्ड १९७७ मध्ये कवयित्री ग्रेस निकोल्स यांच्यासह ब्रिटनमध्ये आले. मिश्र वंशाच्या माणसाला उद्देशून वापरल्या जाणाऱ्या 'हाफ-कास्ट' या शब्दाची त्यांनी याच नावाच्या कवितेत केलेली फटफजिती प्रसिद्ध आहे : चित्रकार तांबडा व हिरवा रंग मिसळतो तेव्हा चित्र अर्धे होते काय, ऊन आणि ढग एकत्र आले की इंग्लंडची हवा अर्धी होते काय, पियानोच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांतून निघालेले संगीत अर्धे काय? मराठी वाचकाने या शब्दातील 'कास्ट'वर क्षणभर थांबावे. भारतातील समाजव्यवस्थेसाठी पोर्तुगीजांनी रूढ केलेला हा शब्द साम्राज्याबरोबर फिरत फिरत लंडनच्या शाळेच्या मैदानावर शिवी म्हणून पोहोचला. अनेकपदरी स्वत्व म्हणजे अपूर्ण स्वत्व नव्हे, हा मुद्दा येथे विनोदाच्या वाटेने, परंतु निःसंदिग्धपणे मांडला आहे. अगार्ड, इम्तियाझ धारकर आदी कवी सायमन पॉवेल यांनी सुरू केलेल्या 'पोएट्री लाइव्ह' या उपक्रमातून मोठमोठ्या सभागृहांत हजारो विद्यार्थ्यांपुढे स्वतः कविता वाचीत. छापील पानावर 'संस्कृतीचा नमुना' असलेला कवी तेथे रंगमंचावर उभा राहून हसत होता, ही गोष्ट दहा टीपांपेक्षा अधिक परिणामकारक असली पाहिजे. धारकर यांचे उदाहरण घ्यावे : लाहोरला जन्म, ग्लासगोत बालपण, मुंबईत दीर्घ वास्तव्य, विवाहाने वेल्सशी नाते, आणि संग्रहातील 'ब्लेसिंग' ही कविता मुंबईच्या झोपडवस्तीत फुटलेल्या नळाची. या स्त्रीला एका देशाचे लेबल चिकटविणे कोणत्याही वर्गशिक्षकाला अशक्य झाले असते.

अनेकपदरी स्वत्वाची तात्त्विक चर्चा याच काळात विद्यापीठांतून चालू होती. किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये अमेरिकन कायद्याच्या संदर्भात दाखवून दिले की काळी स्त्री सोसते तो अन्याय केवळ वंशाच्या अथवा केवळ लिंगाच्या कप्प्यात बसविता येत नाही. स्टुअर्ट हॉल यांनी १९९० च्या आपल्या निबंधात सांस्कृतिक स्वत्व हे सिद्ध वस्तू नसून सतत घडत राहणारी क्रिया आहे असे प्रतिपादन केले. अमर्त्य सेन यांनी 'आयडेंटिटी अँड व्हायोलन्स' (२००६) या ग्रंथात ब्रिटनच्या बहुसांस्कृतिक धोरणावर घेतलेला आक्षेप तर या शालेय विभागाला जणू उद्देशूनच आहे : अनेक संस्कृती शेजारी-शेजारी ठेवल्या पण प्रत्येक माणसाला एकाच संस्कृतीत कोंडले, तर तो अनेकांचा एकसुरीपणा होय. शाळेतील पुस्तक आणि विद्यापीठातील विचार यांत पंधरा-वीस वर्षांचे अंतर पडणे नवे नाही. येथे विशेष असे की पुस्तकातील कविता त्या विचाराच्या मागे नव्हत्या. मागे होते ते पुस्तकाचे विभाजन.

एवढे म्हटल्यावर या विभागाच्या बाजूने जे म्हणावयाचे तेही म्हटले पाहिजे. तो नसता तर कॉर्नवॉल किंवा कंब्रिया यांसारख्या भागांतील मुलाला इझिकेल अथवा भट यांचे नावही शाळेत ऐकावयास मिळाले नसते. सक्तीच्या परीक्षेत या कविता होत्या म्हणूनच त्या सर्वांनी वाचल्या. ऐच्छिक असत्या तर त्या ज्यांना त्यांची गरज सर्वांत कमी, अशांनीच वाचल्या असत्या. मथळा सदोष होता, दार मात्र त्यानेच उघडले. या दाराचे पुढे काय झाले ते पाहता हा मुद्दा अधिकच पटतो.

२०१० पासून ए.क्यू.ए.ने सांस्कृतिक विभाग मोडून 'व्यक्ती आणि आवाज', 'स्थळ', 'संघर्ष', 'नातेसंबंध' असे विषयवार गट केले. येथवर बदल स्वागतार्ह होता. परंतु २०१५ पासून लागू झालेल्या सुधारित अभ्यासक्रमात शेक्सपिअर, एकोणिसाव्या शतकातील कादंबरी, १७८९ नंतरची कविता आणि १९१४ नंतरचे ब्रिटिश बेटांतील गद्य अथवा नाटक एवढेच अनिवार्य ठरले. निरनिराळ्या संस्कृतींतील साहित्याची अट उरली नाही. मथळा गेला आणि त्याच्याबरोबर इझिकेल, अचेबे, भट हेही गेले. राहिले ते बहुतांशी ब्रिटनमध्ये स्थायिक झालेले कवी. दलजीत नागरा यांची 'सिंग साँग!' ही पंजाबी ढंगाच्या इंग्रजीतील कविता 'प्रेम आणि नातेसंबंध' या गटात आली. बापाच्या दुकानाला कुलूप घालून माडीवर नववधूकडे धाव घेणारा तो तरुण दुकानदार विद्यार्थ्याला प्रथम प्रियकर म्हणून भेटतो, मग शीख, मग दुकानदाराचा मुलगा. मथळा बदलल्याने काय साधते याचे हे निर्विवाद उदाहरण. पण ते साधताना जगाचा नकाशा ब्रिटनपुरता आखडला, हेही तितकेच निर्विवाद.

२०२२ मध्ये दुसऱ्या एका परीक्षामंडळाने आपल्या संग्रहातील पंधरा कविता काढून नव्या पंधरा घातल्या. काढलेल्यांत फिलिप लार्किन आणि विल्फ्रेड ओवेन यांच्या कविता होत्या, तेव्हा तत्कालीन शिक्षणमंत्री नधिम झहावी यांनी ही सांस्कृतिक नासधूस असल्याची टीका केली. इराकमधून बालपणी निर्वासित म्हणून आलेल्या आणि इंग्रजी न येता शाळेत गेलेल्या झहावींना लार्किनच्या कवितेने इंग्लंड आपलेसे करून दिले होते. त्यांचा आक्षेप मान्य करण्याचे कारण नाही. पण ज्या मुलाला 'भिन्न' संस्कृतीचे म्हणून मोजले गेले असते त्याला नेमका लार्किनच आपला वाटला, ही गोष्ट दोन्ही पक्षांच्या हिशेबात बसणारी नाही.

२०२३ पासून ए.क्यू.ए.ने 'वर्ल्ड्स अँड लाइव्ह्ज' हा पंधरा कवितांचा नवा गट शिकविण्यास उपलब्ध करून दिला. त्यावरील पहिली परीक्षा २०२५ मध्ये झाली. या गटात वर्ड्‌स्वर्थ आणि शेली आहेत, आणि त्यांच्याच पानांलगत रमण मुंडैर यांची नावाच्या प्रवासाविषयीची कविता, सेनी सेनेविरत्ने यांची लीड्सच्या गिरणीतील पूर्वजाची कविता, ग्रेस निकोल्स आणि धारकर आहेत. लिझ बेरी यांची 'होमिंग' ही कविता ब्लॅक कंट्रीतील एका गोऱ्या कामगार घरातील दडपलेल्या बोलीचा शोध घेते. लेनर्ड यांच्या ग्लासगोच्या बोलीला पूर्वी परक्यांच्या रांगेत बसविले होते. बेरी यांची बोली वर्ड्‌स्वर्थच्या रांगेत बसली आहे. गमावलेली जीभ परत मिळविणे हा बेरी आणि भट या दोघींचाही विषय. दोन्ही कविता एकाच तासाला वाचता आल्या असत्या, तर बर्मिंगहॅमजवळच्या एखाद्या शाळेतील गोऱ्या मुलाला आणि गुजराती मुलीला आपापली आजी एकाच प्रश्नाच्या उत्तरात लिहिता आली असती. परंतु भट यांची गुजराती लिपीतील ती पाने या नव्या गटात नाहीत.